चढ आधी वाचावा : बुजलेले बोगदे, उखडलेले रूळ आणि हरवलेल्या पेठा शोधण्याची रीत

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला आमच्याकडे लहानथोर सगळे ‘पीजे’ म्हणतात, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ५६ किलोमीटरची वाट शंभरावर वर्षे तुडवणाऱ्या या गाडीचा मार्ग कोठून जात होता, हे आज पाचोऱ्यातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारले तरी समजेल. परंतु आणखी तीस वर्षांनी विचारणाऱ्याला तो शोधूनच काढावा लागेल. असा नाहीसा झालेला मार्ग, बुजवलेला बोगदा किंवा पाडलेली पेठ कागदावर आणि जमिनीवर पुन्हा कशी उभी करावी, याची रीत येथे क्रमाने दिली आहे. त्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. नकाशे, जुनी छायाचित्रे, गवंड्याकडे असते ती पाण्याची नळी आणि दोन-तीन मोकळे रविवार एवढ्यावर भागते.

नवशिक्याने हात आपल्या गावावर बसवण्याआधी ज्या कोड्याचे उत्तर मागच्या पानावर छापलेले आहे असे कोडे सोडवून पाहावे. माझ्या मते यासाठी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी असलेल्या बंकर हिल या टेकडीसारखे दुसरे ठिकाण नाही. तेथील नकाशे व छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, काय कोठे होते हे ठाऊक असल्याने आपला अंदाज चुकला की लगेच कळतो, आणि ट्रामचे बोगदे, दोरखंडाने ओढली जाणारी गाडी, पुसले गेलेले रस्ते आणि खुद्द टेकडीचा छाटलेला माथा हे सारे दीड-दोन किलोमीटरच्या परिसरात सापडते.

चढाचा हिशेब

शोधाची सुरुवात अवशेषांपासून करू नये, चढापासून करावी. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड फार कमी असते, म्हणून आगगाडीला चढ सोसत नाही. जळगाव-भुसावळहून मुंबईला जाणाऱ्यांना ठाऊक असलेल्या कसारा घाटात ३७ फूट अंतरात १ फूट एवढाच चढ आहे, आणि तेवढ्यासाठीही घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. ट्रामचे डबे हलके आणि स्वतःच्या मोटारीने चालणारे असल्याने त्या याहून बऱ्याच उभ्या रस्त्यावर चढतात. तरी त्यांनाही मर्यादा असते, आणि मर्यादेपलीकडे मुख्यतः तीन उपाय उरतात : वळसा घ्यायचा, टेकडी पोखरायची किंवा डबा दोराने ओढायचा. बंकर हिलच्या पूर्व उतारावर ३१ डिसेंबर १९०१ रोजी सुरू झालेली ‘एंजल्स फ्लाइट’ ही तिसऱ्या उपायाची गाडी होय. तिचा चढ जवळजवळ ३ फुटांत १ फूट इतका उभा आहे, आणि तिचे ‘सिनाई’ व ‘ऑलिव्हेट’ हे दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना असल्याने एक उतरताना दुसऱ्याला वर ओढतो, विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या बांधाव्यात तसा.

यावरून कामाचा नियम निघतो. नकाशात टेकडीवर सरळ चढणारी अरुंद पट्टी दिसली तर तेथे जिना किंवा दोराची गाडी असावी असे समजावे; लांब आणि एकसारखे वळण दिसले तर रूळ; आणि रुळांची रेघ टेकडीच्या एका बाजूस संपून दुसऱ्या बाजूस त्याच दिशेने पुन्हा सुरू झाली तर मधला भाग पोखरलेला आहे, हे बोगद्याचे तोंड न पाहताही सांगता येते.

हा नियम बंकर हिलवर लावून पाहा. टेकडी व्यापारी पेठ आणि पश्चिमेकडील वस्त्या यांच्यामध्ये आडवी पडल्याने ती वारंवार पोखरली गेली. थर्ड स्ट्रीटचा बोगदा १९०१ चा आहे, सेकंड स्ट्रीटचा १९२४ चा, आणि हे दोन्ही आजही वापरात आहेत. जवळच्याच फोर्ट मूर टेकडीखालून गेलेला ब्रॉडवेचा बोगदाही १९०१ चाच, पण महामार्गाच्या कामासाठी तो १९४९ मध्ये पाडला गेला. हिल स्ट्रीटवर १९०९ मध्ये ट्रामसाठी एक बोगदा झाला, पुढे त्याला लागूनच वाहनांसाठी जोडबोगदा खोदला गेला, आणि १९५५ च्या सुमारास टेकडीच खोदून काढल्याने दोन्ही नाहीसे झाले. बुजवलेल्या बोगद्याची पोकळी आत कोठेतरी शिल्लक राहते. टेकडीसकट गेलेल्या बोगद्याचे मात्र जमिनीवर काहीही उरत नाही आणि तो फक्त कागदावर भेटतो. आपण यांपैकी कोणत्या प्रकारच्या बोगद्याच्या मागे आहोत हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर आभाळात भोक शोधण्याचा प्रसंग येतो.

अमेरिकी शहरांसाठी पहिला कागद म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. विमा कंपन्यांना प्रत्येक इमारत कशाची आहे हे हवे असल्याने त्यांत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी आणि दगडी निळी रंगवलेली असते, व मजले आकड्यांत दिलेले असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने यांतील पुष्कळ नकाशे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. बंकर हिलचे पान उघडले की बंकर हिल ॲव्हेन्यू आणि क्ले स्ट्रीट हे रस्ते पिवळ्या घरांच्या रांगांसह दिसतात. आजच्या नकाशात ते शोधू लागलात तर त्यांच्या जागी मोठमोठ्या इमारतींचे चौथरे येतात.

वरून शोधावा बोगदा

सर्वांत रंजक उदाहरण पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या भुयारी मार्गाचे आहे. हॉलिवूडकडून येणाऱ्या ट्राम गाड्या रस्त्यावरील गर्दीत अडकू लागल्या, म्हणून हिल स्ट्रीटवरील टर्मिनलच्या इमारतीच्या तळघरापासून पश्चिमेकडे सुमारे एक मैल लांबीचा बोगदा खोदून तो १९२५ मध्ये सुरू करण्यात आला. १९ जून १९५५ रोजी त्यातून शेवटची गाडी गेली. पूर्वेकडील टर्मिनलची इमारत उभी आहे, पश्चिमेकडचे बेलमाँटचे तोंडही शाबूत आहे. मग मधल्या मैलाचे काय झाले? नकाशावर ही दोन टोके बोगद्याच्या रेघेने जोडून वाटेत कोणकोणत्या इमारती येतात ते पाहिले की १९७० च्या दशकातील बोनाव्हेंचर हॉटेलाचे गोल मनोरे समोर येतात. त्या हॉटेलाच्या पायानेच बोगदा मधोमध तोडला आहे. जमिनीखालचा मार्ग शोधताना वरच्या इमारतींची वये लिहून काढणे किती उपयोगी असते, हे यावरून समजते.

आपल्याकडे याच युक्तीचे अधिक जुने उदाहरण बऱ्हाणपूरला आहे. आज ते शहर मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशाची राजधानी होती. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी शहरात आणण्यासाठी जहांगिराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तेथे भुयारी कालवे खोदले गेले, ज्यांना कुंडी भंडारा म्हणतात. भुयार दिसत नाही, पण हवा व उजेड मिळावा आणि गाळ उपसता यावा म्हणून त्यावर ठरावीक अंतराने बांधलेल्या कुंड्यांची तोंडे विहिरींसारखी ओळीने वर आलेली आहेत. शेतात एकामागून एक, एकाच रेषेत, पाणी उपसण्याच्या दृष्टीने अकारण जवळजवळ असलेल्या विहिरी दिसल्या तर खाली काहीतरी वाहते आहे किंवा वाहत होते, असे समजून त्या रेषेचा माग काढावा. जाळी नसलेल्या कुंडीत वाकून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

टेकडीच गेली तर

बंकर हिलच्या पुनर्विकासाचा आराखडा १९५९ मध्ये मंजूर झाला आणि पुढील दशकात टेकडीवरची घरे पाडून माथाही खाली घेण्यात आला. ‘कॅसल’ आणि ‘सॉल्ट बॉक्स’ ही दोन जुनी घरे तेवढी १९६९ मध्ये उचलून दुसरीकडे नेली, ती त्याच वर्षी जळून गेली. याच वर्षी एंजल्स फ्लाइटही काढून ठेवण्यात आली, आणि १९९६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती मूळ जागेपासून दोन चौकांमधील अंतराच्या निम्म्याने दक्षिणेला. येथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण डबे तेच, कमान तीच, त्यामुळे जागाही तीच असावी असे त्याला वाटते. जुन्या छायाचित्रात गाडीच्या शेजारीच थर्ड स्ट्रीटच्या बोगद्याचे तोंड दिसते. बोगदा हलवता येत नाही. म्हणून खुंटा त्याला मानावा आणि बाकीचे सगळे त्याच्यापासून मोजावे.

खानदेशातील वाचकाला टेकडी नाहीशी होणे परके वाटू नये. आपल्या कितीतरी गावांत मधोमध गढी होती, आणि गढी ज्या उंचवट्यावर उभी असे तो उंचवटा म्हणजे शतकानुशतके घरे पडून, त्यांवर घरे उठून साचलेली पांढरी माती. तापीकाठच्या प्रकाशे येथील अशाच उंचवट्याचे १९५५ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा त्याच्या तळाशी ताम्रपाषाण काळातील वस्ती सापडली. प्रकाशे गावाचे हे भाग्य सगळ्या गावांना लाभले नाही. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून लोकांनी ती गाड्या भरभरून नेली, उरलेल्या जागेवर शाळा, पाण्याची टाकी किंवा समाजमंदिर आले, आणि गावाचा माथा वावरांत पसरला. अशा गावात गढीची उंची काढायची असेल तर भोवतालच्या गल्ल्यांचा उतार पाहावा. सगळ्या गल्ल्या एकाच मोकळ्या, सपाट जागेकडे चढत येऊन अचानक थांबत असतील, तर त्या जागेवर पूर्वी आणखी काही वीत, कदाचित काही पुरुष उंची होती. कापलेल्या कडेला खापऱ्या, राख आणि हाडे यांचे थर दिसले तर त्यांना हात न लावता मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्यावे.

आपल्याकडचे कागद

खानदेशासाठी सॅनबॉर्नसारखे नकाशे नाहीत, पण जे आहेत ते कमी नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या इंची नकाशांत धुळ्याचा परिसर ४६ एल, जळगावचा ४६ ओ आणि पाचोरा-जामनेरचा ४६ पी या क्रमांकांनी सुरू होणाऱ्या पत्रकांत येतो. त्यांत १ इंचाला १ मैल असे प्रमाण असते. विभागाच्या संकेतस्थळावरून घेता येणाऱ्या नव्या नकाशांत २ सेंटिमीटरला १ किलोमीटर असे प्रमाण असून त्यांची क्रमांक देण्याची पद्धत वेगळी आहे, आपला भाग ‘एफ ४३’ ने सुरू होणाऱ्या पत्रकांत शोधावा. जुन्या व नव्या पत्रकांतील समोच्च रेषा ताडून पाहताना जुन्या फुटांत आणि नव्या मीटरमध्ये असतात, हे विसरू नये.

गावाच्या आतील शोधासाठी नगर भूमापनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका, तर गावाबाहेरच्या शोधासाठी गटांचा नकाशा उपयोगी पडतो. आपल्याकडे माणूस घर पाडून पुन्हा बांधतो, पण हद्दीची इंचभर जागा सोडत नाही. त्यामुळे इमारत गेली तरी प्लॉटची आकृती टिकते. चौकोनी प्लॉटांच्या रांगेत एकाच प्लॉटाची मागची भिंत धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर त्या भिंतीपलीकडून पूर्वी नाला किंवा रूळ गेला होता असे धरून शेजारच्या दहा प्लॉटांच्या मागच्या भिंती पाहाव्यात. गटांच्या नकाशात रेल्वेची जमीन शेतांना तिरकी छेदत जाणारी लांबट, अरुंद पट्टी म्हणून उमटते.

मजकुराच्या पुराव्यासाठी १८८० चे खानदेश जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रथम वाचावे. १८१८ नंतर खानदेशावर आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठिकाण करून नवी वसाहत आखली, म्हणून जुन्या धुळ्याच्या वाकड्या बोळांनंतर क्रमांक लावलेल्या सरळ, समांतर गल्ल्या लागतात, आणि १८७२ मध्ये पांझरेच्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले. अशा दोन-तीन गोष्टी माहीत असल्या की धुळ्याचा नकाशा बोलू लागतो. धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथे जाताना आपल्याला नेमके काय पाहायचे आहे ते कागदावर लिहून न्यावे. नावेही पुरावाच असतात. धुळ्याची पेठ आग्रा रोड या नावाने मुंबई-आग्रा रस्ता शहराच्या पोटातून जात होता हे सांगते, आणि जळगावची नवी पेठ केव्हाच जुनी झाली असली तरी ती कोणत्यातरी जुन्या वस्तीनंतर आली हे तिचे नाव विसरू देत नाही.

जुना नकाशा नव्यावर बसवण्यासाठी क्यूजीआयएस ही मोफत आज्ञावली पुरेशी आहे. दोन्ही नकाशांत ओळखता येणारे किमान चार, शक्य तर सहा बिंदू निवडावेत आणि ते नकाशाच्या चारही बाजूंना पसरलेले असावेत. जुने देऊळ, दगडी पुलाचे टोक, बांधीव विहीर हे बिंदू चांगले. रस्त्याचा कोपरा किंवा फाटक हे वाईट. मी एकदा दोन फाटकांवर विसंबून रुळांची रेघ बसवली आणि ती घेऊन भर उन्हात कपाशीच्या वावरात तासभर भराव शोधत राहिलो. रस्ता रुंद करताना दोन्ही फाटके सरकवलेली होती, आणि खरा भराव एक वावर सोडून पलीकडे बाभळींच्या रांगेखाली निवांत पडला होता.

माणसांना विचारताना

‘येथे पूर्वी काय होते?’ या प्रश्नाला बहुधा ‘काही नव्हते’ असेच उत्तर मिळते, कारण रोज पाहिलेली गोष्ट माणसाला सांगण्यासारखी वाटत नाही. त्याऐवजी रोजच्या व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. ‘आप्पा, तुम्ही तिकीट कोठे काढत होतात? गाडीची वाट पाहताना सावलीला कोठे बसत होतात? बाजाराच्या दिवशी बैलगाड्या कोठे सोडत?’ असे विचारले की हात आपोआप एखाद्या दिशेला उठतो, आणि त्या हाताची दिशा होकायंत्रावर पाहून लिहून घ्यावी. एका आजोबांनी मला, ‘आठेच व्हतात रूळ, भाऊ,’ असे अहिराणीत सांगून काठीने पायाखालची जमीन ठोकली होती. नकाशानुसार ते बारा पावले चुकले होते. बारा पावलांची चूक ही साठ वर्षांनंतर चूक म्हणू नये. बायकांना विचारायला विसरू नये. पाणी भरण्याची वाट, दळणाची गिरणी आणि वरातीचा मार्ग त्यांच्या स्मरणात पुरुषांपेक्षा नेमका असतो.

जुने छायाचित्र मिळाले तर त्यातील न हललेल्या तीन गोष्टी निवडाव्यात, उदाहरणार्थ देवळाचा कळस, दूरच्या डोंगराची कड आणि एखाद्या वाड्याचा कोपरा. त्या तिन्ही एकमेकींच्या पुढे-मागे छायाचित्रात आहेत तशाच दिसू लागेपर्यंत मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे सरकत राहावे. जुळल्या त्या जागी छायाचित्रकार उभा होता. कधीकधी ती जागा आता कोणाच्यातरी स्वयंपाकघरात असते. तेव्हा आधी नमस्कार करावा, मग छायाचित्र दाखवावे.

पायी मोजणी

प्रत्यक्ष मोजणीसाठी पारदर्शक नळी पाण्याने भरून, आतले बुडबुडे काढून, दोघांनी दोन टोके उभ्या पट्ट्यांना लावून धरावीत. दोन्हीकडील पाणी एकाच पातळीत राहते, म्हणून पट्ट्यांवरील आकड्यांतील फरक हाच जमिनीचा फरक. दर १० मीटरवर असे मोजत जावे. १० मीटरला १० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आणि एकसारखा फरक येत राहिला तर तो रुळांचा भराव असण्याची शक्यता मोठी आहे. २७ सेंटिमीटर आला तर तो कसाऱ्याएवढा चढ झाला, आणि सपाट तालुक्यात तसा चढ आगगाडीसाठी कोणी ठेवत नाही. गाडीवाट असेल तर आकडे खाली-वर नाचतात.

पेठेत हीच नळी उलट्या कामाला येते. डांबरावर डांबर, काँक्रीटवर काँक्रीट चढत गेल्याने रस्ता वर येतो आणि घरे खाली बसल्यासारखी दिसतात. धाब्याच्या जुन्या घराच्या ओट्याला पूर्वी पाच पायऱ्या होत्या असे घरातले सांगत असतील आणि आज दोनच दिसत असतील, तर उरलेल्या तीन रस्त्याच्या पोटात आहेत. एका पायरीची उंची मोजून तिची तिप्पट केली की मूळ रस्त्याची पातळी मिळते. गल्लीतील अशा पाच-सहा घरांवरून जुन्या रस्त्याचा सगळा उतार कागदावर काढता येतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमके कोणाच्या घरात का शिरते याचेही उत्तर त्यातच मिळते.

गावाबाहेर चालताना मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जाऊ देणारे लहान पूल, शोधाव्यात, कारण रूळ आणि स्लीपर नेले तरी दगडी मोरी सहसा जागीच सोडतात. कुंपणाला खांब म्हणून रोवलेले रुळांचे तुकडे, भरावावर ओळीने वाढलेली बाभूळ, ओसाड जागी असलेली बांधीव विहीर, या खुणांची अंतरे पावलांनी नव्हे तर टेपने मोजावीत. मात्र गाडी बंद असली तरी जमीन रेल्वेचीच असते, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तेथे विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे; सार्वजनिक रस्ता जेथे मार्ग ओलांडतो तेथून पाहावे किंवा आधी परवानगी घ्यावी. कोणत्याही बंद बोगद्यात किंवा भुयारात उतरू नये. आत कोंडलेली हवा वासावरून ओळखता येत नाही.

पीजेच्या बाबतीत सवड फार नाही. मार्गाचे रुंदीकरण करून तो जामनेरहून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प आहे, आणि रुंद रूळ घालताना जुन्या मोऱ्या, लहान फलाट व अरुंद भराव आहेत तसे राहणार नाहीत. म्हणून सुरुवात करायची असेल तर आपल्या सर्वांत जवळच्या एकाच स्थानकापासून एक किलोमीटर एवढाच तुकडा घ्यावा, प्रत्येक खुणेचे छायाचित्र दोन दिशांनी काढावे, मागे दिनांक, जागा आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो ते शाईने लिहावे, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.